पाटीवर लिहिलंय म्हणून खरं? पॅरिसचा बिस्त्रो आणि आपली पुराव्याची सवय

पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर प्लास द्यु तेर्त्र नावाचा एक छोटा चौक आहे. चित्रकार, पर्यटक आणि खुर्च्याच खुर्च्या. त्या चौकात 'ला मेर कातरीन' नावाचं जुनं रेस्टॉरंट आहे आणि त्याच्या भिंतीवर एक पाटी आहे. पाटी असं सांगते की ३० मार्च १८१४ या दिवशी रशियन कोसॅक सैनिकांनी 'बिस्त्रो' हा शब्द पहिल्यांदा इथे उच्चारला आणि आपल्या बिस्त्रोंचा मूळपुरुष या टेकडीवर जन्मला. उरलेली गोष्ट गाईड लोक पुरवतात. नेपोलियन हरला होता, सैनिकांना घसा ओला करायचा होता, वरिष्ठ बघतील म्हणून घाई होती, म्हणून ते काउंटरवर हात आपटून ओरडले, "बिस्त्रा, बिस्त्रा!" रशियनमध्ये याचा अर्थ 'लवकर, लवकर'. झालं, झटपट खायला-प्यायला मिळण्याच्या जागेला नाव मिळालं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा फ्रेंचच्या वर्गात ऐकली. इतकी आवडली की पुढे पीएचडीच्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्यच त्या कोसॅकांवर लिहिलं. गाईडनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला : "कोणी?" मला वाटलं, कोणी ओरडलं असं विचारतायत. मी शेजारी लिहून टाकलं, "कोसॅकांनी." पुढच्या भेटीत कळलं की प्रश्न वेगळा होता. हे कोणी सांगितलं? कधी सांगितलं? आणि त्याला कुठून कळलं?

त्या एका शब्दाने माझे चार महिने खाल्ले. आज त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगते. तुमच्यापैकी बरेचजण पेटची तयारी करताय, काहीजण प्रपोजल लिहिताय. तुमचा विषय जेवणाखाण्याचा नसेल. पण तुमच्या पहिल्या पानावरही एखादा कोसॅक घोड्यावर बसून आलेला असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

गोष्टीत काय बसत नाही

आधी तारीख बघू. ३० मार्च १८१४ हा पॅरिसच्या लढाईचा दिवस. रशियाच्या फौजेने मोंमार्त्रची टेकडी त्याच दिवशी लढून घेतली. शहराची शरणागती रात्री ठरली आणि झार अलेक्झांडर दुसऱ्या दिवशी, ३१ तारखेला, शहरात शिरला. म्हणजे पाटीवरच्या दिवशी त्या टेकडीवर तोफा चालू होत्या. संध्याकाळी कोणी सैनिक प्यायला बसलाच नसेल असं मी म्हणत नाही. पण वरिष्ठांच्या नजरेआड घाईघाईने ग्लास रिचवणारा, फावल्या वेळातला सैनिक आपण मनात रंगवतो, त्याला ही तारीख फारशी शोभत नाही.

दुसरं, जागा. १८१४ साली मोंमार्त्र पॅरिसच्या हद्दीबाहेरचं गाव होतं. ते शहरात आलं १८६० साली. त्यामुळे 'पॅरिसचा पहिला बिस्त्रो' म्हणताना आपण आजचा नकाशा तेव्हाच्या जमिनीवर अंथरतो.

तिसरं, आणि सगळ्यात वजनदार, कागद. 'त्रेझॉर द ला लांग फ्रांसेझ' हा फ्रेंचचा मोठा ऐतिहासिक शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. कुठल्याही शब्दाच्या नोंदीत शेवटी त्या शब्दाचा पहिला लिखित दाखला दिलेला असतो. 'बिस्त्रो'चा दाखला आहे १८८४ चा. म्हणजे ओरडा १८१४ मध्ये आणि लिखाण १८८४ मध्ये. मध्ये सत्तर वर्षं सामसूम.

इथे उत्साहात येऊन "बघा, खोटं ठरलं!" असं लिहायचा मोह होतो. मला झाला होता. पण थांबा. लिखित दाखला नाही याचा अर्थ शब्द नव्हता असा लगेच होत नाही. गरिबांच्या तोंडचे शब्द कागदावर उशिरा येतात, कारण कागद त्यांच्या हातात नसतो. म्हणून पुढचा प्रश्न विचारावा लागतो : या सत्तर वर्षांत असे शब्द टिपणारं कोणी होतं का? तर होतं. पूर्वाश्रमीचा गुन्हेगार आणि नंतरचा पोलीस अधिकारी विदोक याने १८३७ मध्ये चोरांच्या भाषेचा कोशच छापला. १८४२-४३ मध्ये युजेन स्यू याने पॅरिसच्या काळोख्या गल्ल्यांवरची कादंबरी वर्तमानपत्रातून क्रमशः लिहिली, तीही त्या बोलीने भरलेली होती. शहराच्या तळातले शब्द गोळा करायची तेव्हा जवळपास फॅशन होती. एवढी जाळी टाकलेली असताना सगळ्या शहराच्या तोंडी असलेला शब्द अडकू नये, हे शंका घेण्याइतकं पुरेसं आहे.

'शंका घेण्याइतकं' हे मी मुद्दाम लिहिते आहे. उद्या कोणाला जुन्या वर्तमानपत्रात १८७० चा दाखला मिळाला तर १८८४ ही तारीख मागे सरकेल, आणि सरकू द्यावी. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'गालिका' नावाचा डिजिटल संग्रह आहे. जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं त्यात घरबसल्या, पैसे न देता, शब्द टाकून शोधता येतात. ज्यांना वाटतं की फ्रान्सवर काम करायला आधी व्हिसा लागतो, त्यांनी आधी गालिका उघडावं.

शब्द आधी माणसाचा होता

आता मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. तो १८८४ चा दाखला कुठला आहे? आबे मोरो नावाच्या धर्मगुरूच्या आठवणींतला. हे गृहस्थ पॅरिसच्या ला रोकेत तुरुंगात कैद्यांसाठी नेमलेले पाद्री होते. म्हणजे आज महागड्या मेन्यूकार्डावर मिरवणारा हा शब्द कागदावर आला तो तुरुंगाच्या वाटेने.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे त्याचा अर्थ जागा असा नाही. अर्थ आहे दारू विकणारा माणूस, गुत्त्याचा मालक. बिस्त्रो म्हणजे आधी 'तो', मग 'तिथे'. मालकिणीसाठी 'बिस्त्रोत' असा स्त्रीलिंगी शब्दही वापरात होता. हा माणूस ज्या काउंटरमागे उभा असायचा त्या जागेला त्याचं नाव चिकटलं.

व्युत्पत्ती काय, यावर शब्दकोशकारांत एकमत नाही. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या बोलींत 'बिस्त्रो' असाच ऐकू येणारा एक शब्द छोट्या नोकराला, पोऱ्याला वापरत. काहीजण तिकडे बोट दाखवतात. काहीजण उत्तरेकडच्या 'बिस्तुय' या शब्दाकडे जातात, ज्याचा अर्थ दारू घातलेली कॉफी. दोन्ही अंदाज आहेत. पण माणूस आधी आणि जागा नंतर हे एकदा लक्षात आलं की कोसॅकांची गोष्ट आपोआप ढिली होते. 'लवकर!' असं ओरडल्याने घाईच्या जागेला नाव पडेल, हे पटण्यासारखं आहे. काउंटरमागच्या माणसाला 'लवकर' असं नाव पडायला गोष्टीत आणखी एक पायरी लागते, आणि ती पायरी कोणी सांगत नाही.

माझं खरं नुकसान या ठिकाणी झालं होतं. चुकीची व्युत्पत्ती लिहिली हे मोठं पाप नाही, तळटीप बदलता येते. पण ती गोष्ट इतकी गोळीबंद होती की तिच्यामुळे मला पुढचा प्रश्नच पडला नाही : हा काउंटरमागचा माणूस होता कोण?

कोळसा, पाणी आणि दारूचा काउंटर

दोन तारखा बाजूला लिहून ठेवा. २ डिसेंबर १८५१ ला लुई नेपोलियनने बंड करून सत्ता घेतली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला फर्मान काढलं : यापुढे दारूचा गुत्ता किंवा कॅफे उघडायचा तर प्रीफेक्टची आगाऊ परवानगी हवी, आणि प्रीफेक्टला वाटलं तर तो बंदही करता येईल. कारण उघड होतं. कामगार जिथे बसतात तिथे बोलतात, आणि बोलतात ते राजकारण. पुढे प्रजासत्ताक स्थिर झाल्यावर १७ जुलै १८८० च्या कायद्याने ही परवानगी काढून टाकली. आता नुसती सूचना दिली की दुकान सुरू.

१८८० ला कायदा सैल झाला आणि १८८४ ला शब्द कागदावर आला. या दोन गोष्टींचा संबंध आहे का? मला वाटतं, असू शकतो. छोटी दुकानं वाढली, छोटे मालक वाढले, त्यांच्यासाठीचा बोलीतला शब्द पसरला. पण हे माझं अनुमान आहे, आणि प्रबंधात मी ते अनुमान म्हणूनच लिहिलंय. दोन तारखा जवळ आल्या की एकीने दुसरी घडवली असं लिहायची घाई आपण सगळेच करतो. कोसॅकही त्याच घाईतून येतात.

काउंटरमागच्या माणसाचा एक पत्ता मात्र पक्का मिळतो. फ्रान्सच्या मध्यभागी मासिफ सेंत्राल नावाचं डोंगराळ पठार आहे. थंडी कडक, जमीन हलकी. तिथल्या कांताल, आव्हेरों वगैरे भागांतून माणसं पिढ्यानपिढ्या कामासाठी पॅरिसला येत राहिली. पॅरिसने त्या सगळ्यांना सरसकट 'ओव्हेर्न्या', म्हणजे ओव्हेर्न प्रांताचे, असं म्हणून टाकलं. आव्हेरों त्या प्रांतात मोडत नाही, पण मोठी शहरं एवढी चौकशी कुठे करतात! आधी ही माणसं पाणके होती. पाण्याच्या बादल्या चार-पाच मजले चढवून द्यायच्या. घरोघरी नळ येत गेले तसा हा धंदा गेला. मग सरपण आणि कोळसा. तोही पाठीवरून, त्याच जिन्यांनी. कोळशाच्या दुकानात एक फळी टाकून दारूचे पेले विकायला सुरुवात झाली. नवरा पोती पोचवायला जाई, बायको काउंटर सांभाळी. दारावर पाटी असे : 'दारू आणि कोळसा'. या दुकानदाराला पॅरिसकर 'बुन्या' म्हणत. कोळसेवाला आणि ओव्हेर्न्या हे दोन शब्द एकमेकांत कालवून केलेला तो थट्टेचा शब्द.

या लोकांनी १८८२ मध्ये स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, 'लोव्हेर्न्या द पारी'. त्यातून गावाकडच्या बातम्या कळायच्या, जातभाईंचा ठावठिकाणा लागायचा, दुकानं विकली-घेतली जायची. पुढे यांच्यातलीच माणसं मोठ्या नावांच्या जागा चालवू लागली. सेंत-जेर्में भागातली 'ब्रासरी लिप' १९२० मध्ये मार्सेलँ काझ यांनी घेतली, ते आव्हेरोंचे. सार्त्र आणि बोव्हारमुळे आपण ज्याचं नाव घेतो ते 'काफे द फ्लोर' १९३९ मध्ये पोल बुबाल यांनी घेतलं, तेही त्याच डोंगरातले. अस्तित्ववादाचे तास भरले ते अशा माणसाच्या टेबलांवर, आणि त्या माणसाची जातकुळी पाठीवर कोळसा वाहणाऱ्यांची.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एका गोष्टीत परदेशी विजेते घोड्यावरून येतात, ओरडतात, नाव देऊन जातात. दुसरीत आपल्याच देशातली गरीब माणसं पायी येतात, जिने चढतात, काउंटर टाकतात आणि राहतात. पाटी लागली पहिल्या गोष्टीची.

तीन पुस्तकं, तीन खुर्च्या

या विषयावर वाचायचं झालं तर तीन पुस्तकं एकापाठोपाठ वाचा, कारण तिघांची बसायची जागा वेगळी आहे.

पहिलं रेबेका स्पँग यांचं 'द इन्व्हेन्शन ऑफ द रेस्टॉरंट', २००० साली हार्वर्डने काढलेलं. यात बिस्त्रो मुख्य विषय नाही. पण दंतकथा कशी सोडवायची याचा वस्तुपाठ आहे. रेस्टॉरंटबद्दलही दोन आवडत्या गोष्टी आहेत. एक म्हणजे १७६५ मध्ये बुलांजे नावाच्या माणसाने मेंढीचे पाय पांढऱ्या सॉसमध्ये विकले, खानावळवाल्यांच्या संघाने खटला भरला आणि तो जिंकला. दुसरी म्हणजे क्रांतीमुळे सरदारांचे स्वयंपाकी बेकार झाले आणि त्यांनी रेस्टॉरंटं काढली. स्पँग यांना त्या खटल्याचा माग दफ्तरांत लागत नाही. त्यांना सापडतो माथुरँ रोझ द शांत्वाझो नावाचा एक उचापती माणूस, १७६० च्या दशकातला, आणि 'रेस्तोराँ' म्हणजे तेव्हा ताकद भरून देणारं मांसाचं सूप. क्रांतीच्या वीसेक वर्षं आधी! त्या नुसतं "हे खोटं" म्हणून थांबत नाहीत. खोट्याच्या जागी काय होतं ते दाखवतात. दंतकथा मोडणाऱ्याने पुढचं कामही करायचं असतं, हे मी या पुस्तकातून शिकले.

दुसरं स्कॉट हेन यांचं 'द वर्ल्ड ऑफ द पॅरिस कॅफे', १९९६ चं. १७८९ ते १९१४ हा काळ. हेन पोलिसांची आणि कोर्टाची कागदपत्रं घेऊन बसतात. कामगार कॅफेत काय करत, कोणाशी बोलत, भांडण कुठे सुरू होई, मालक मध्ये कधी पडे. कामगारांच्या लग्नाच्या नोंदींत साक्षीदार म्हणून कॅफेचे मालक सापडतात, हा तपशील मला फार आवडला. ज्याच्याकडे रोज उधारीवर पितो त्यालाच लग्नात साक्षीला नेणं, यात नात्याची एक अख्खी व्याख्या आहे. पण या पुस्तकाची मर्यादाही त्याच कागदांत आहे. कोर्टात माणूस येतो तो काहीतरी बिनसलं की. ज्या हजारो संध्याकाळी काहीच झालं नाही, त्यांचा पंचनामा होत नाही. हेन वाचताना पॅरिसचा कामगार जरा जास्तच बोलका आणि जास्तच भांडखोर वाटतो. ते दफ्तराचं व्यसन आहे, माणसाचं असेलच असं नाही.

तिसरं मार्क ओझे यांचं छोटं पुस्तक, २०१५ चं, शीर्षकाचा अर्थ 'पॅरिसच्या बिस्त्रोची स्तुती'. ओझे मोठे मानववंशशास्त्रज्ञ. विमानतळ, हायवे, सुपरमार्केट अशा ओळख नसलेल्या जागांना त्यांनी १९९२ मध्ये 'नॉन-लिय' म्हटलं आणि ती संकल्पना आपल्या नेट-सेटच्या नोट्सपर्यंत पोचली. बिस्त्रो त्यांच्या लेखी बरोबर उलट टोकाला : इथे तुम्हाला ओळखतात. हे वाचायला सुंदर आहे आणि मला त्यावर राग धरवत नाही. पण प्रश्न विचारायला हवा. ओळखतात कोणाला? टेबलावर बसलेल्याला. स्तुती लिहिली जाते ती खुर्चीवरून. काउंटरच्या आतून, दहा तास उभं राहून, पायाला गोळे आल्यावर दिसणारा बिस्त्रो वेगळा असणार. ज्याने उभ्या आयुष्यात 'नॉन-लिय'चा सिद्धांत मांडला, त्याने स्वयंपाकघराच्या दारामागची जागा कोणत्या प्रकारात बसते हे विचारलं असतं तर पुस्तक पातळ राहिलं नसतं. माझी तक्रार एवढीच.

तिघांपैकी कोण बरोबर, असा प्रश्न लिटरेचर रिव्ह्यूमध्ये विचारू नका. कोण कुठे बसून बघतंय आणि तिथून काय दिसत नाही, हे लिहा. रिव्ह्यू म्हणजे पुस्तकांची यादी नाही हे सगळे सांगतात. मग ते काय असतं हे मला तरी या तीन खुर्च्यांमुळे कळलं.

मेन्यूही कागदच असतो

खाण्याबद्दल बोलायचं राहिलं. बिस्त्रोचं जेवण बघा. अंडं उकडून वर मेयोनेज. पोरो, म्हणजे कांद्याच्या कुळातली ती लांब दांडी, शिजवून तेल-व्हिनेगरमध्ये. खारवलेलं डुकराचं मांस आणि मसूर. यातला हिरवा मसूर नावाजलेला येतो तो प्युइचा, म्हणजे पुन्हा तोच डोंगराळ मुलूख. वासराच्या मांसाचा पांढरा रस्सा. तासन्‌तास मंद आचेवर ठेवलेलं बुर्गोन्य पद्धतीचं गोमांस. कुठे कुठे बटाटा आणि चीज घोटून तार काढलेलं 'आलिगो', ओब्राकच्या पठारावरचं.

मासिकांमध्ये याला 'आत्म्याला ऊब देणारं अन्न' वगैरे म्हणतात. आपण जरा हिशोबी नजरेने बघू. मांसाचे स्वस्त भाग. ते मऊ व्हायला वेळ लागतो, पण वेळ लागतो तो चुलीला, माणसाला नाही. सकाळी एक मोठं भांडं चढवलं की दुपारी एकच माणूस तीस ताटं वाढू शकतो. अंडं आणि पोरो आधीच करून ठेवता येतात. आजचा पदार्थ खडूने पाटीवर, कारण बाजारात आज काय स्वस्त मिळालं ते काल माहीत नव्हतं. चव आपल्याला आवडते ती आवडतेच, पण या पदार्थांची निवड कमी हातांनी आणि कमी पैशांत दुकान चालवण्याच्या गरजेतून झालेली दिसते. रोलाँ बार्थने १९५७ मध्ये स्टेक आणि बटाट्याच्या तळणीत फ्रेंच राष्ट्रभावना वाचली. बरोबरच वाचली. पण ताटात राष्ट्र दिसतं तेव्हा ताट घासणारा दिसत नाही, हेही तिथे लिहून ठेवावं.

दरांचाही कागद वाचा. पॅरिसमध्ये एकाच कॉफीला काउंटरवर उभं राहून प्यायलात तर एक दर, टेबलावर बसलात तर जास्त, आणि बाहेर रस्त्यावरच्या खुर्चीत तर बहुतेक वेळा त्याहून जास्त. जस्ताचा पत्रा मारलेल्या त्या काउंटरला अजूनही 'झँक' म्हणतात. पोस्टरवर असतं ते बाहेरचं गोल टेबल. कामावर जाताना लोक थांबतात ते झँकपाशी.

आणि एक सरकारी कागद. २०१४ मध्ये फ्रान्सने 'फे मेझों', म्हणजे 'घरचं केलेलं', असं एक अधिकृत चिन्ह आणलं : पातेलं आणि त्यावर छप्पर. जागच्या जागी, कच्च्या मालापासून केलेल्या पदार्थाला ते लावता येतं. गोठवलेला कच्चा माल चालतो, यावर तेव्हा बरीच टीकाही झाली. मला यातून वेगळंच काही दिसलं. 'इथे स्वयंपाक इथेच होतो' हे सांगायला सरकारी चिन्ह लागतं, याचा अर्थ कुठेतरी तो होत नाही. नियम कशाला मनाई करतो त्यावरून लोक काय करत होते ते कळतं. कायदे असे उलटे धरून वाचायची सवय लावा.

तुलनेसाठी आणखी एक शब्द बघा, 'बिस्त्रोनॉमी'. ईव्ह कांदबोर्द यांनी क्रियोंसारख्या पंचतारांकित हॉटेलचं स्वयंपाकघर सोडून १९९२ मध्ये चौदाव्या विभागात 'ला रेगालाद' उघडलं. स्वयंपाक मोठ्या घराण्याचा, दर आणि टेबलं बिस्त्रोची. पुढे २००४ च्या सुमारास सेबास्तियँ देमोराँ या खाद्यपत्रकाराने या प्रकाराला ते नाव दिलं. इथे "कोणी?" या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, कारण नाव ठेवणारा लिहिणारा होता. तुरुंगाच्या वाटेने आलेल्या शब्दाचा बाप सापडत नाही, पत्रकाराने काढलेल्या शब्दाचा सापडतो. हा फरक भाषेचा नाही, लेखणी कोणाच्या हातात होती याचा आहे.

वारशाच्या यादीत कोण येतं

२०१८ पासून पॅरिसचे काही बिस्त्रोमालक आपल्या बिस्त्रोंना आणि टेरेसना वारशाचा दर्जा मिळावा म्हणून खटपट करत होते. २०२४ मध्ये बिस्त्रो आणि कॅफेंमधल्या सामाजिक-सांस्कृतिक प्रथांची नोंद फ्रान्सच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाली. बागेत तर २०२२ मध्येच युनेस्कोच्या यादीत गेला होता. भाडी वाढतायत, साखळी दुकानं येतायत, म्हणून मालकांची धडपड मला समजते. दर्जा मिळाला याचा आनंदही आहे.

पण या सगळ्याची भाषा बघा : भेटीगाठी, गप्पा, सगळ्या थरांतली माणसं एका काउंटरवर. ही खुर्चीवरून दिसणारी भाषा आहे. एप्रिल २००८ मध्ये पॅरिस आणि आसपासच्या रेस्टॉरंटांमधल्या, कागदपत्रं नसलेल्या कामगारांनी संप केला. मोठी कामगार संघटना सेजेते त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्यांत अनेकजण पश्चिम आफ्रिकेतून आलेले होते. भांडी घासणारे, भाज्या चिरणारे, स्वयंपाक करणारे. पगारातून कर कापला जात होता, पण देशात राहायचा परवाना नव्हता. शहराला त्या संपात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं की ते 'अस्सल फ्रेंच' ताट कोण भरतंय. कोळशाची पोती घेऊन जिने चढणाऱ्यांची जागा दुसऱ्या लांबच्या गरिबांनी घेतली होती. प्रथा म्हणायचीच तर मला ही सगळ्यात टिकाऊ दिसते : बिस्त्रो नेहमी बाहेरून आलेल्या माणसाने चालवला, आणि शहराने त्याला नंतर आपलं म्हटलं. कधी कधी शंभर वर्षांनी.

म्हणून कोसॅकांच्या पाटीवर माझा एवढा राग. ती भिंतीवर निरुपद्रवी दिसते. पण आरंभाची जागा तिने अडवून ठेवली आहे. तिथे ज्याचं नाव लागायला हवं होतं तो आत भांडी घासतोय. आज पुण्या-मुंबईतही दर दोन गल्ल्यांआड 'बिस्त्रो' लिहिलेली पाटी दिसते. शब्द आपल्याकडे पोचला, त्या शब्दातला माणूस वाटेतच कुठेतरी उतरला.

आता तुमचं पान काढा

तुमच्या प्रपोजलचं पहिलं पान समोर घ्या. त्यात एक वाक्य असं असेल की जे तुम्ही कुठून घेतलं ते आठवत नाही, पण 'सगळ्यांना माहीत आहे'. बहुधा ते सगळ्यात देखणं वाक्य असेल. त्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि हे विचारा :

हे पहिल्यांदा कोणी लिहिलं, आणि घटनेनंतर किती वर्षांनी?

ती वर्षं गप्प का आहेत? लिहिणारंच कोणी नव्हतं, की लिहिणारे होते तरी हे सापडत नाही?

हे वाक्य काढून टाकलं तर त्याच्या मागे कोण उभं दिसतं?

पहिले दोन प्रश्न कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मिळतील. तिसरा माझ्या चार महिन्यांची कमाई आहे. उत्तर लगेच मिळणार नाही. मला मिळालं तेव्हा सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य बदलावं लागलं. आता तिथे एक बाई आहे. नाव माहीत नाही. नवरा कोळसा पोचवायला चौथ्या मजल्यावर गेलाय, आणि ती काउंटरवरचा काळा हात पुसून गिऱ्हाइकाला पेला भरून देते आहे.

गाईडनी या वाक्याखालीही रेघ मारली आहे. समासात लिहिलंय : "कोणत्या नोंदीवरून?" बरोबर आहे. शोधते आहे.